पिकअपमध्ये दुसरी बॅटरी बसवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्याकडे जुनी, २.५ लिटर इंजिनची इसुझू व्ही-क्रॉस आहे. डबल कॅब, फोर बाय फोर. मागच्या हौद्यावर कॅनॉपी, आत ४० लिटरचा फ्रिज आणि त्याच्यासाठी वेगळी बॅटरी. ही जोडणी मी दोनदा केली. पहिली एका दुकानात पैसे देऊन करून घेतली, ती फसली. दुसरी स्वतः बसून केली, ती स्पितीला जाऊन आली आणि अजून चालते आहे. ओळखीतले पिकअपवाले फोनवर जे विचारतात तेच प्रश्न इथे घेतले आहेत. हायलक्स असो, बोलेरो कॅम्पर असो की जुनी झेनॉन, तत्त्व तेच राहतं.

दुसरी बॅटरी हवीच कशाला? आहे तीच मोठी टाकली तर?

गाडीची बॅटरी सेल्फ मारण्यासाठी बनवलेली असते. आतल्या प्लेट पातळ आणि पुष्कळ असतात, म्हणून दोन-तीन सेकंद शेकडो अँपिअर देऊ शकतात. त्यात खर्च किती होतो? ३०० अँपिअर तीन सेकंद धरले तरी पाव अँपिअर-अवर. इंजिन सुरू झालं की अल्टरनेटर तो लगेच भरून काढतो. म्हणजे ही बॅटरी आयुष्यभर जवळजवळ भरलेलीच राहते आणि तिला तसंच राहायला आवडतं. तिच्यावर रात्रभर फ्रिज चालवला की ती खोलवर उतरते. असं काही डझन वेळा झालं की तिचा दम जातो. ती मोठी घेतली तरी स्वभाव बदलत नाही. शिवाय सकाळी गाडीच सुरू झाली नाही तर? डोंगरात डिझेल पिकअप ढकलून सुरू करण्याचा विचारही करू नका.

किती एएचची (अँपिअर-अवरची) बॅटरी लागेल?

आधी खर्च मांडा, बॅटरी नंतर. माझा हिशोब असा: फ्रिजचा कॉम्प्रेसर चालू असताना सुमारे ४ अँपिअर घेतो, पण तो सतत चालत नाही. साधारण हवेत २४ तासांपैकी ४० टक्के वेळ धरला तर ४ गुणिले २४ गुणिले ०.४, म्हणजे ३८ एएच. एलईडी दिवे पाच तास, ५ एएच. दोन फोन मिळून ४, लॅपटॉप एकदा ६, कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या २. एकूण दिवसाला ५५ एएच.

मे महिन्यात ताडोबाकडे जाणार असाल तर फ्रिजचा आकडा दीडपट धरा. तिथल्या उन्हात कॉम्प्रेसरला उसंत मिळत नाही.

लेड-अ‍ॅसिडमधून निम्म्यापेक्षा जास्त काढायचं नाही, म्हणून १०० एएचमधले ५० वापरायचे. लिथियममधून ८० ते ९० बिनधास्त काढता येतात. रोज गाडी चालणार असेल तर १०० एएच लिथियम पुरते. एकाच जागी दोन-तीन दिवस तळ ठोकायचा असेल तर सोलर जोडा, दुप्पट बॅटरी घेऊ नका.

लेड-अ‍ॅसिड, एजीएम की लिथियम?

आज नव्याने करत असाल तर लिथियम आयर्न फॉस्फेट. १०० एएचची एजीएम (काचतंतूंच्या थरात अ‍ॅसिड शोषून ठेवलेली सीलबंद लेड-अ‍ॅसिड) २८-३० किलो भरते, तेवढीच लिथियम ११ ते १३ किलो. हजारो वेळा भरून-उतरवून टिकते आणि निम्मी उतरली तरी व्होल्टेज पडत नाही, त्यामुळे फ्रिज कुरकुरत नाही.

एजीएमची बाजूही सांगतो. ती थंडीत चार्ज होते, सेल्फला मदत करू शकते आणि बिघडली तर कुठल्याही तालुक्याच्या गावी बदलून मिळते. वर्षातून दोनच सहली असतील तर एजीएम अजिबात चूक नाही.

लिथियम घेताना मात्र आतलं बीएमएस, म्हणजे सेलवर लक्ष ठेवून गरज पडली की जोड तोडणारं सर्किट, काय-काय सांभाळतं ते विचारा. शून्य अंशाखाली चार्जिंग बंद करतं का, हा प्रश्न आवर्जून विचारा. सुटे सेल जोडून बनवलेल्या स्वस्त पॅकमध्ये बहुधा हेच गाळलेलं असतं. आणि दुकानदार नुसतं ‘लिथियम’ म्हणाला तर आत फॉस्फेटचे सेल आहेत की मोबाइल-लॅपटॉपसारखे, हे बिलावर लिहून घ्या. फॉस्फेटचे चार सेल मिळून १२.८ व्होल्ट होतात, तो आकडा लेबलवर दिसला पाहिजे.

घरच्या इन्व्हर्टरची ट्यूब्युलर बॅटरी पडून आहे. ती चालेल?

नको. ती पन्नास किलोच्या पुढे जाते, उंच असते आणि तिच्यात अ‍ॅसिड मोकळं हेलकावतं. घराच्या कोपऱ्यात एका जागी उभं राहण्यासाठी तिची घडण आहे. कच्च्या रस्त्यावर हादऱ्यांनी प्लेट सैल होतात, अ‍ॅसिड हौद्यात सांडून पत्रा खातं आणि चार्ज होताना हायड्रोजन सुटतो. बंद कॅनॉपीत तो साठू देणं धोक्याचं आहे.

ई-रिक्षाचा लिथियम पॅक?

तो ४८ किंवा ६० व्होल्टचा असतो. तुमची गाडी १२ ची.

दोन्ही बॅटऱ्या सरळ वायरने जोडल्या तर काय बिघडतं?

जोडलेल्या असतील तोवर त्या दोन नसून एकच असतात. फ्रिज दोन्हींना उतरवेल आणि सकाळी सेल्फ मारायला काही उरणार नाही. म्हणून मध्ये काहीतरी असं हवं, जे इंजिन चालू असताना जोडेल आणि बंद झाल्यावर तोडेल.

सगळ्यात साधा उपाय म्हणजे हाताने फिरवायचा स्विच. तो एक दिवस फिरवायचा राहतोच.

दुसरा उपाय व्होल्टेज पाहून जोडणारा रिले, ज्याला व्हीएसआर म्हणतात. पुढच्या बॅटरीचं व्होल्टेज १३.३ च्या आसपास गेलं की तो जोडतो, १२.८ च्या आसपास उतरलं की तोडतो. जुन्या गाडीला आणि लेड-अ‍ॅसिड बॅटरीला हा चांगला चालतो. माझ्याकडे पहिल्या वेळी हाच होता आणि रिलेने कधी दगा दिला नाही. दगा वायरने दिला, ते पुढे येईल.

तिसरा उपाय डीसी-डीसी चार्जर. हा पुढून मिळेल ते व्होल्टेज घेतो आणि मागच्या बॅटरीला तिच्या जातीनुसार हवं तेवढं, म्हणजे १४.२ ते १४.६ च्या दरम्यान, बनवून देतो. तीन कारणांसाठी तो घ्यावा. एक, लांब वायरमध्ये पडलेलं व्होल्टेज तो भरून काढतो. दोन, लिथियमचा आतला रोध इतका कमी असतो की साध्या रिलेवर ती अल्टरनेटरकडून ओढता येईल तेवढं ओढते, आणि आयडलिंगला अल्टरनेटर तापतो. चार्जर २५ अँपिअरचा असेल तर २५ वरच थांबतो. तीन, नव्या गाड्यांतले स्मार्ट अल्टरनेटर.

माझ्या गाडीत स्मार्ट अल्टरनेटर आहे हे कसं ओळखू?

सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये घालायचा छोटा व्होल्टमीटर आणा आणि अर्धा तास गाडी चालवा. साधा अल्टरनेटर जवळजवळ सतत १३.८ ते १४.४ दाखवतो. स्मार्ट अल्टरनेटर सुरुवातीला १४ च्या वर जातो, मग बॅटरी भरली असं वाटलं की १२.५-१३ पर्यंत उतरतो आणि उतारावर पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून काढला की पुन्हा उसळतो. असा चढ-उतार दिसला तर व्हीएसआर विसरा, तो चालत्या गाडीतच जोडत-तोडत बसेल. डीसी-डीसी चार्जर घ्या आणि त्याची इग्निशनची बारीक वायर अशा फ्यूजवरून घ्या जो फक्त चावी चालू असतानाच जिवंत असतो. ही वायर विसरल्यामुळे ‘चार्जर खराब आला’ म्हणून परत केलेला मी पाहिला आहे.

चार्जर किती अँपिअरचा?

पिकअपला २५ ते ३० पुरेसा. ५५ एएच परत भरायला सव्वादोन-अडीच तासांचं ड्रायव्हिंग लागतं. एजीएमला जास्त, कारण शेवटचे वीस टक्के ती घोटाघोटाने पिते. उभ्या गाडीचं इंजिन चालू ठेवून चार्ज करू नका. डिझेल जातं, शेजाऱ्यांची झोप जाते आणि बीएस-६ गाडीत एक्झॉस्टमधला डीपीएफ (काजळी गाळणारा फिल्टर) काजळीने भरतो.

वायर किती जाडीची घ्यावी?

या पानावरचं एकच उत्तर वाचायचं असेल तर हे वाचा. लोक बॅटरीवर चाळीस-पन्नास हजार घालतात आणि वायरपाशी हात आखडतात. माझ्या पहिल्या जोडणीत दुकानाने घरातल्या फिटिंगची ४ स्क्वेअर एमएमची वायर टाकली होती. इंजिन चालू असताना पुढच्या बॅटरीवर १४.१ व्होल्ट आणि मागे १२.९. बॅटरी कधी भरायचीच नाही, रात्री दोन वाजता फ्रिज बंद पडायचा आणि मी महिनोन्‌महिने बॅटरीला दोष देत होतो.

हिशोब सोपा आहे. तांब्याचा रोध दर मीटरला, ओहममध्ये, ०.०१७५ भागिले स्क्वेअर एमएममधली जाडी. बॉनेटपासून हौद्यापर्यंत वळणं धरून ६ मीटर, जायची आणि यायची मिळून १२ मीटर. २५ अँपिअरचा चार्जर पूर्ण जोमात असताना पुढून सुमारे ३२ अँपिअर ओढतो, कारण तो व्होल्टेज वाढवतो. आता रोध गुणिले लांबी गुणिले अँपिअर केलं की ६ स्क्वेअर एमएममध्ये १.१ व्होल्ट पडतात. १० मध्ये ०.६७. १६ मध्ये ०.४२. २५ मध्ये ०.२७. डीसी-डीसी असेल तर १६ घ्या. व्हीएसआर असेल तर २५ घ्या, कारण पडलेलं व्होल्टेज भरून काढायला तिथे कोणी नाही.

वायर शुद्ध तांब्याची आणि बारीक तारांची हवी. अ‍ॅल्युमिनिअमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त वायर बाजारात सर्रास मिळते. एक टोक चाकूने खरवडून पाहा, आत पांढरं दिसलं तर परत करा. हार्डवेअरच्या दुकानातली चांगली तांब्याची वेल्डिंग केबल या कामाला छान चालते, फक्त तिला पूर्ण लांबीभर वळ्यावळ्यांच्या (कॉरुगेटेड) पाइपात घाला.

टोकांना लग (बोल्टखाली कसायचं भोकाचं टोपण) पक्कडीने दाबू नका, हायड्रॉलिक क्रिंपिंग टूलने दाबून घ्या. स्वतःचं घ्यायची गरज नाही, पॅनेल बनवणाऱ्या कोणत्याही वर्कशॉपमध्ये असतं. वर हीट श्रिंक चढवा. नुसतं डाग देऊन जोडलेलं टोक हादऱ्यांनी जिथे डाग संपतो तिथे तुटतं.

फ्यूज एक पुरे ना, चार्जरपाशी?

नाही. वायरला दोन्ही टोकांनी बॅटरी आहे, म्हणजे दोन्ही टोकांनी आग लागू शकते. प्रत्येक बॅटरीच्या प्लस टर्मिनलपासून वीतभर अंतरात एकेक फ्यूज हवा. २५ अँपिअरच्या चार्जरला ४० ते ६० अँपिअरचा, मिडी किंवा एएनएल जातीचा, नटबोल्टने कसलेला. फ्यूज यंत्राला नाही, वायरला वाचवतो. म्हणून त्याचा आकडा वायरला सोसेल त्यापेक्षा कधीही मोठा नको.

हे मला माळशेज घाटात कळलं. उतारावर जळक्या प्लास्टिकचा वास आला. थांबून बॉनेट उघडलं तर फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या, धारदार भोकातून नेलेली वायर घासून सोलली होती, पत्र्याला टेकली होती आणि तिच्यावरून धूर निघत होता. तिथे ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसवायचं रबरी कडं) नव्हतं आणि पुढे फ्यूजही नव्हता. १० नंबरचा पाना दाराच्या खिशात होता म्हणून निगेटिव्ह टर्मिनल वेळेत सुटलं. पोरं मागच्या सीटवर झोपली होती. त्या दिवसापासून कोणाच्याही गाडीत दुसरी बॅटरी दिसली की मी आधी बॉनेट उघडून फ्यूज शोधतो.

वायर कुठून न्यायची?

चासीच्या आतल्या बाजूने, एक्झॉस्टच्या विरुद्ध अंगाने. डीपीएफ स्वतःला जाळून साफ करतो तेव्हा आत ६०० अंशांच्या आसपास तापमान होतं, त्याच्या जवळपासही नको. पुढच्या आणि मागच्या प्रॉपेलर शाफ्टपासून लांब. मागच्या पाट्यांजवळ एक्सल वर-खाली होतो तो पूर्ण प्रवास लक्षात घ्या. जॅकवर गाडी उचलून पाहिलं तर कळतं. ब्रेक पाइप किंवा डिझेल लाइनला केबल टायने बांधू नका. दर वीतभरावर रबर लावलेली क्लिप, पत्र्यातून जाताना ग्रोमेट. माझा अख्खा शनिवार यात गेला आणि तो सत्कारणी लागला.

निगेटिव्ह हौद्याच्या पत्र्याला दिला तर चालेल?

पिकअपचा हौदा चासीवर वेगळा बसवलेला असतो. मध्ये रंग, गंज, कधी रबर. त्याच्यावर अर्थिंगचा भरवसा ठेवू नका. एक तर प्लसइतक्याच जाडीची वायर पुढपर्यंत न्या किंवा चासीच्या जाड भागावर बोल्ट घेऊन रंग पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासा, लग कसा आणि वर व्हॅसलीन लावा. पुढे नेलीत तर बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर छोटा सेन्सर आहे का पाहा. असेल तर तुमची वायर टर्मिनलवर न जोडता चासीच्या अर्थ बोल्टला जोडा, नाहीतर गाडीच्या कॉम्प्युटरला जाणारा करंट दिसणार नाही आणि त्याचा हिशोब चुकेल.

बॅटरी बसवायची कुठे?

बॉनेटखाली नको, तिथली धग लिथियम आणि एजीएम दोघींनाही मारते. कॅनॉपीखाली, हौद्याच्या पुढच्या भिंतीला टेकून, चाकांच्या कमानीपुढे सगळ्यात चांगलं. वजन एक्सलच्या पुढे राहतं. अँगलची चौकट करून हौद्याच्या तळाला आरपार बोल्ट मारा, खाली मोठे वॉशर लावा. बॅटरीवरून पट्टी घ्या, ती टर्मिनलला लागणार नाही हे पाहा. चार्जर उंचावर लावा. ओढा ओलांडताना हौद्याच्या तळाशी पाणी येतंच आणि कोकणातली तांबडी धूळ तर कुठूनही शिरते.

बॅटरी किती उरली हे व्होल्टेजवरून कळतं का?

लेड-अ‍ॅसिडमध्ये कळतं, पण काही तास विश्रांती दिल्यावर: १२.७ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, ११.८ म्हणजे संपलीच. लिथियम बराच काळ १३.३ ते १३ च्या आसपास रेंगाळते आणि मग एकदम कोसळते. तिला शंट (आत-बाहेर जाणारा करंट मोजणारा तुकडा) लावलेला मॉनिटरच हवा.

सोलर पॅनेल लावावं का?

तळ ठोकून राहत असाल तर नक्की. कॅनॉपीवर सपाट ठेवलेलं १०० वॅटचं पॅनेल चांगल्या उन्हात दिवसाला २५ ते ३० एएच देतं, म्हणजे फ्रिजचा बराचसा भार उचलतं. एमपीपीटी कंट्रोलर घ्या, तो पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज काढतो. काही डीसी-डीसी चार्जरमध्ये तो आतच असतो. गाडी सावलीत लावायची की पॅनेल उन्हात, हा पेच राहतोच. मी दहा मीटर वायरचं घडीचं पॅनेल वेगळं ठेवतो. पावसाळ्यात घाटमाथ्यावर त्याचा भरवसा नाही.

इन्व्हर्टर लावून इंडक्शनवर चहा होईल?

१५०० वॅटच्या शेगडीला १२ व्होल्टवर १४० अँपिअर लागतात. १०० एएच लिथियमचं बीएमएस बहुधा १०० लाच तोडतं. सहाशे वॅटची छोटी किटली चालते, लिटरभर पाणी उकळायला सुमारे १० एएच जातात. मी गॅसच वापरतो. स्पितीतल्या काझाच्या उंचीवर पाणी ८७-८८ अंशांनाच उकळतं, चहा मुरवत ठेवावा लागतो, आणि त्यासाठी बॅटरी खर्च करणं मला पटत नाही.

स्पिती-लडाखच्या थंडीत लिथियमचं काय?

शून्याखाली ती वीज देते, पण घ्यायची नाही. घेतली तर आत धातूरूप लिथियमचा थर बसतो आणि तो परत निघत नाही. म्हणून सकाळी गाडी सुरू केल्या-केल्या चार्जिंग होताना दिसलं नाही तर घाबरू नका, बीएमएस आपलं काम करतंय. बॅटरीभोवती थर्माकोल नाहीतर जुनी सतरंजी गुंडाळा, चार्जरच्या हवेची वाट मोकळी ठेवा. डिसेंबर-जानेवारीत जाणार असाल तर आत हीटर असलेली बॅटरी घ्या किंवा ती मागच्या सीटमागे केबिनमध्ये ठेवा. सीलबंद लिथियम केबिनमध्ये चालते, पाण्याची लेड-अ‍ॅसिड कधीच नाही.

पुढची बॅटरी उतरली तर मागचीवर सेल्फ मारता येईल का?

एजीएम असेल तर जंपर केबल लावून मारता येतो. लिथियमचं बीएमएस डिझेलच्या सेल्फचा करंट पाहून पटकन तोडतं. मी वेगळा छोटा जंप स्टार्टर ठेवतो आणि तो मागच्या बॅटरीवर चार्ज करतो.

आरटीओ, विमा, वॉरंटी?

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आरसीवरच्या नोंदींशी विसंगत बदलांबद्दल आहे. दुसऱ्या बॅटरीची आरसीवर नोंद नसते. विम्याकडे मात्र दुर्लक्ष नको. कंपनीने न बसवलेलं इलेक्ट्रिक सामान पॉलिसीत वेगळं दाखवून, थोडा जादा हप्ता भरून, लिहून घेता येतं. बिलं आणि जोडणीचे फोटो जपा. वॉरंटीतल्या गाडीची मूळ वायरिंग कुठेही कापू नका, सोलू नका. बॅटरी टर्मिनलपासून स्वतंत्र वायर काढली की वाद घालायला जागा राहत नाही.

एवढं सगळं करण्यापेक्षा तयार पॉवर स्टेशन घेतलं तर?

वर्षातून दोन-तीन सहली असतील तर तेच घ्या, मनापासून सांगतो. ५०० वॅट-अवरचं एक डबडं फ्रिजला जवळजवळ एक दिवस सांभाळतं आणि घरीही उपयोगी पडतं. अडचण चार्जिंगची: लायटर सॉकेटमधून ते १०० वॅटच्या आसपासच घेतं, म्हणजे पाच तासांचं ड्रायव्हिंग.

गॅरेजला गाडी देताना काय सांगायचं?

गाडीत दोन बॅटऱ्या आहेत, हे तोंडी सांगा आणि बॉनेटखाली, पुढच्या बॅटरीशेजारी, मराठीत-हिंदीत लिहून चिकटवा. मेकॅनिक पुढची बॅटरी सुटी करून समजतो की वीज तुटली. व्हीएसआरच्या जोडणीत मागून आलेली वायर तेव्हाही जिवंत असू शकते. चासीला वेल्डिंग करायचं असेल तर दोन्ही निगेटिव्ह सोडा आणि दोन्ही फ्यूज काढून खिशात ठेवा. माझ्या चिठ्ठीवर फ्यूजच्या जागा बाण काढून दाखवल्या आहेत, आणि १० नंबरचा एक पाना तिथेच क्लिपमध्ये अडकवलेला आहे.